शिरगणतीवाल्या बाई बिएर्तानात

नोकरीत असताना मी दोन जनगणना केल्या, १९९१ची आणि २००१ची. शाळा सुटली की फॉर्मांची चळत पिशवीत घालून राजापूर तालुक्यातल्या वाड्या चढायच्या, दारावर गेरूने नंबर टाकायचा आणि ओसरीवर टेकून विचारायचं, "घरात माणसं किती?" म्हातारी बोटं मोडायला लागायची. थोरला, त्याची बायको, मधला, धाकटा, चार नातवंडं. "आजी, हे सगळे इथेच राहतात?" "नाय गो बाय, ते ममईला." मग आठ-नऊ नावं खोडून एकच उरायचं. बाई, वय ७२. पुढच्या दोन घरांना कुलूप.

माझ्यानंतरच्या २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. पेपरात वाचून लोक चकित झाले. आम्ही मोजणारे मास्तर-बाई काही चकित झालो नाही.

एवढी प्रस्तावना अशासाठी, की गेल्या सप्टेंबरात मी रोमेनियात गेले ते ड्रॅक्युलाचा वाडा बघायला नव्हे. ताईचा मुलगा अमेय सिबिउ शहरात मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. तो फोनवर सहज बोलून गेला, "मावशी, इथली गावं बघ एकदा. घरं सगळी जागच्या जागी, माणसं मात्र बदलली." मी तिकीट काढलं.

दिवस पहिला: सिबिउ

म्युनिकला विमान बदलून दुपारी पोचले. सिबिउच्या घरांच्या कौलांत लांबट, अर्धवट मिटलेल्या डोळ्यांसारखे झरोके असतात. माळ्यावर वारा खेळावा म्हणून केलेले. चौकात उभं राहिलं की शंभर डोळे तुमच्यावर. गावात परक्या बाईने पाऊल ठेवल्यावर वाटतं तसंच.

या शहराचं जर्मन नाव हेर्मानश्टाट. बाराव्या शतकात हंगेरीचा राजा दुसरा गेझा याने आपल्या राज्याची पूर्वेकडची सीमा राखायला आणि रान मोडून शेती करायला ऱ्हाईन आणि मोझेल नद्यांच्या खोऱ्यातून माणसं बोलावली. त्यांना नाव पडलं सॅक्सन, पण बहुतेकांचा सॅक्सनी प्रांताशी काही संबंध नव्हता. त्यांची बोली आजही लक्झेंबर्गच्या भाषेला जवळची आहे. १२२४ मध्ये राजा दुसरा अँड्र्यू याने त्यांना सनद दिली. त्यांचा न्यायनिवाडा त्यांचा, पाद्री त्यांनी निवडायचा, आणि त्यांच्या जमिनीत दुसऱ्या कुणी शिरायचं नाही. या शेवटच्या कलमाने पुढे सहाशे वर्षं बराच घोळ घातला. तो तिसऱ्या दिवशी सांगते.

आज सिबिउत जर्मन दोन टक्केही नाहीत. तरी क्लाउस योहानिस हा सॅक्सन माणूस २००० ते २०१४ इथला महापौर होता आणि नंतर दहा वर्षं देशाचा राष्ट्राध्यक्ष. त्याचे आईवडील १९९२ मध्ये जर्मनीला गेले, हा मागे राहिला.

रात्री जेवणाचा प्रश्न आला. मी शाकाहारी. अमेयने युक्ती शिकवली. "व्हेजिटेरियन म्हणू नकोस. 'दे पोस्त' म्हण." दे पोस्त म्हणजे उपवासाचं. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या उपवासात मांस, अंडी, दूध काहीच चालत नाही, त्यामुळे प्रत्येक स्वयंपाकघराला ते जेवण ठाऊक असतं. चवळीएवढ्या पांढऱ्या बियांचं वाटण, वर परतलेला कांदा आणि पाव. कांदा घातलेला उपवास मी जन्मात पहिल्यांदा केला.

दिवस दुसरा: मेदियाशमार्गे बिएर्तान

सकाळच्या गाडीने मेदियाश. अंतर पंचावन्न किलोमीटरच्या आसपास, पण रूळ जुने आणि गाडी आपल्या जुन्या पॅसेंजरची बहीण. वाटेत कोप्शा मिका लागलं. एकेकाळी युरोपातल्या सर्वांत प्रदूषित गावांत याची गणना व्हायची. इथे काजळी बनवण्याचा कारखाना होता. झाडं, मेंढ्या, वाळत घातलेले कपडे, सगळं काळं. तो १९९३ मध्ये बंद पडला. आता डोंगर हिरवे आहेत आणि कारखान्यांच्या जागी सांगाडे. गंमत अशी की 'मिका' म्हणजे धाकटी आणि 'मारे' म्हणजे थोरली. धाकटी कोप्शा शहर झाली आणि थोरली कोप्शा अजून खेडंच आहे. ती आमच्या यादीत होती.

मेदियाशला बस चुकली. बस म्हणजे मॅक्सी-टॅक्सी, आपल्या वडापची सुधारलेली आवृत्ती. वेळापत्रकावर एक वेळ, चालकाच्या मनात दुसरी. दोन तास मिळाले म्हणून गाव फिरलो. इथला तुतारीवाल्यांचा बुरूज डोळ्यांना दिसेल इतका कललेला आहे. ट्रान्सिल्व्हेनिया हा सगळा प्रदेश १ डिसेंबर १९१८ला रोमेनियात सामील झाल्याचा ठराव रोमेनियन लोकांनी आल्बा युलियात केला, आणि जानेवारी १९१९ मध्ये सॅक्सनांच्या पुढाऱ्यांनी त्याला पाठिंबा दिला तो या मेदियाशमध्ये. नव्या राज्यात अल्पसंख्याकांना हक्क मिळतील या भरवशावर.

दुपारी शारोशहून गाडी मुख्य रस्ता सोडून आत वळली. नऊएक किलोमीटर मक्याची शेतं, मध्येच घोडागाडी, आणि मग वळणावर एकदम टेकडीवरचं चर्च. चर्च कसलं, गडच. भोवती तीन-तीन तट आणि बुरूज. पायथ्याला रांगेत घरं.

बिएर्तान हे गावाचं नाव आणि कम्यूनचंही. कम्यून म्हणजे आपली गट ग्रामपंचायत. बिएर्तान, कोप्शा मारे आणि रिकिश या तीन गावांची मिळून एक. थेट निवडलेला महापौर, म्हणजे सरपंच, आणि एक सभा. अशा सुमारे २,८६० कम्यून रोमेनियात आहेत. या तिन्ही गावांची माणसं मिळून आज अडीच हजारांच्या आसपास. आमच्याकडची एखादी मोठी ग्रामपंचायत एवढी असते. फक्त आमच्याकडे चर्चच्या दाराला असं कुलूप नसतं.

तर ते कुलूप. चर्च १४८६ ते १५२४ या काळात बांधलं. आत पुजेच्या सामानाची खोली आहे, तिचं ओकचं दार १५१५चं. किल्ली एकदा फिरवली की लोखंडी जिभा डझनाहून जास्त ठिकाणी, चारी बाजूंनी एकदम बाहेर येतात. हे कुलूप १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मांडलं होतं म्हणतात. हल्ला आला की गावाचं किडूकमिडूक या दाराआड जायचं. वेदीवर २८ चित्रांचा, दारांसारखा उघडझाप होणारा पट. खाली उतरायला १७९५चा लाकडी, छपराचा जिना, पावसात भाविक भिजू नयेत म्हणून.

गाव छोटं, पण १५७२ ते १८६७ जवळजवळ तीनशे वर्षं सॅक्सन लुथेरन, म्हणजे प्रोटेस्टंट, बिशपची गादी इथे होती. एका बुरुजात बिशपांच्या समाधीचे दगड उभे लावून ठेवलेत, दाढीवाले, पुस्तक हातात. दुसरा बुरूज कॅथलिकांचा. सोळाव्या शतकात सगळं गाव लुथरच्या बाजूला गेलं, तेव्हा जे मोजके जुन्या धर्माला धरून राहिले त्यांना गावाने हा एक बुरूज प्रार्थनेला दिला. आत भिंतीवर जुनी चित्रं आहेत. हाकलून न देता एक बुरूज देणं, हे मला चर्चपेक्षा मोठं वाटलं.

आणि पर्यटकांची लाडकी खोली. काडीमोड मागायला आलेल्या नवराबायकोला पाद्री इथे कोंडायचा. एक खाट, एक टेबल, एक खुर्ची, एक ताटली, एक चमचा. तिथली बाई सांगत होती, तीनशे वर्षांत एकच काडीमोड झाला. सगळे हसले. मला हसू आलं नाही. मार खाणारी बाई त्या खोलीत गेली असेल तर ती काय बोलून बाहेर आली असेल? एकाच काडीमोडाचा आकडा खरा असलाच, तर तो सुखाचा आकडा आहे असं मोजणीवाल्या बाईने तरी मानू नये.

उतरलो त्या घराची मालकीण साठीची. रोमेनियन. घराच्या त्रिकोणी भिंतीवर मात्र जर्मन कुटुंबाचं नाव आणि १८९०च्या दशकातलं साल. "हे कोण?" मी विचारलं. "घरवाले," ती म्हणाली. "ते १९८४ला गेले." चाळीस वर्षं ती त्या घरात राहते आणि घरवाले ते!

दिवस तिसरा: बिएर्तान, पायी

आज कुठेच जायचं नव्हतं. मला असे दिवस आवडतात.

घरांची रचना आधी सांगते, कारण त्यात सगळा इतिहास आहे. रस्त्याला लागून उंच भिंत, तिच्यात गाडी जाईल एवढं मोठं फाटक. आत लांबट अंगण, बाजूला खोल्या, शेवटी आडवं धान्याचं कोठार, त्यामागे परसू. एकाला लागून एक, अशी रांगच्या रांग. रस्त्यावरून चालणाऱ्याला आतलं काही दिसत नाही. प्रत्येक आळीची स्वतःची संघटना असायची, 'नाखबारशाफ्ट', म्हणजे शेजार. कुणाचं घर बांधायचं, कुणाची कबर खणायची, विहीर कधी उपसायची, कोण सभेला उशिरा आला म्हणून किती दंड, सगळं तिथे ठरायचं. आमच्या भावकीसारखंच, फक्त हिशेब लिहून ठेवलेला.

या रांगेत घर सॅक्सनाचं. रोमेनियन आणि रोमा, म्हणजे जिप्सी, लोकांची वस्ती गावाच्या टोकाला, ओढ्याकडे, चढावर. १४३८ मध्ये हंगेरियन उमराव, सेकेय नावाचे हंगेरियन बोलणारे सीमारक्षक आणि सॅक्सन या तिघांनी जूट केली. रोमेनियन माणसं संख्येने भरपूर होती, पण त्या करारात त्यांना जागा नव्हती. सॅक्सनांच्या भूमीत रोमेनियनांनाही जागा-जमीन घेण्याचा हक्क मिळाला तो १७८१ मध्ये, सम्राट दुसरा जोसेफ याच्या आदेशाने. सनदेतलं ते शेवटचं कलम म्हणाले होते ना, ते हे. गावकुसाबाहेरची वस्ती कशी असते हे कुणी मला समजावून सांगायची गरज नव्हती.

चहूकडच्या टेकड्यांवर गवताखाली पायऱ्या-पायऱ्या दिसतात. अमेयला वाटलं भातशेती. त्या द्राक्षमळ्यांच्या पायऱ्या. दोन तर्नावा नद्यांमधला हा सगळा मुलूख सॅक्सनांचा 'वाइनलांट' होता आणि बिएर्तान वाइनवर श्रीमंत झालं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतून युरोपात आलेल्या फिलोक्सेरा नावाच्या किडीने वेलींची मुळं खाल्ली. मळे गेले, पायऱ्या राहिल्या. गावातली माणसं कमी व्हायला लागली ती तेव्हापासून, असं म्हणायला जागा आहे.

पण खरी गळती विसाव्या शतकातली. मालकिणीने अंगणात बसून सांगितलं आणि मी माझ्या जुन्या सवयीने वहीत रकाने पाडले.

१९३०च्या जनगणनेत रोमेनियात ७,४५,४२१ जर्मन होते. मग युद्ध. रोमेनिया हिटलरच्या बाजूला. १९४३च्या करारानंतर सॅक्सन तरुण हजारोंनी थेट जर्मनीच्या एसएस या नाझी दलात भरती झाले. हे सांगायचं टाळून सॅक्सनांचं फक्त दुःख सांगणारी पुस्तिका मी तिथे चाळली, म्हणून मुद्दाम लिहिते. २३ ऑगस्ट १९४४ला राजा मिहाय याने बाजू बदलली. जानेवारी १९४५ मध्ये रशियनांच्या हुकमावरून १७ ते ४५ वयाचे पुरुष आणि १८ ते ३० वयाच्या बाया पकडून आजच्या युक्रेनमधल्या दोनबासच्या खाणींत नेल्या. देशभरातले सत्तर हजारांवर जर्मन, त्यांत ट्रान्सिल्व्हेनियातले सुमारे तीस हजार. घरात उरले म्हातारे आणि लेकरं. त्याच वर्षी मार्चच्या जमीन कायद्याने त्यांची शेती काढून घेतली.

जे परत आले ते पुढची तीस वर्षं निघून जायची वाट बघत राहिले. १९७८ मध्ये पश्चिम जर्मनीचा चॅन्सेलर श्मिट आणि रोमेनियाचा हुकूमशहा चाउशेस्कू यांच्यात ठरलं, दर माणशी ५,००० मार्क. पुढे दर वाढत आठ हजारांच्या आसपास गेला. १९६७ ते १९८९ या काळात दोन लाखांहून जास्त माणसं अशी मोजून, पैसे घेऊन सोडली. जाणाऱ्याचं घर सरकारजमा. मालकिणीला हे घर तसंच मिळालं होतं.

आणि डिसेंबर १९८९ला चाउशेस्कू पडला. दारं उघडली, तर गावंच्या गावं निघाली. एकट्या १९९० सालात देशातून लाखाहून जास्त जर्मन गेले. म्हणजे ज्या जुलमाला कंटाळून जायचं होतं तो संपल्यावर! मी हे बोलून दाखवलं. मालकीण म्हणाली, "शेजारी गेला, पाद्री गेला, शाळेतले मास्तर गेले. मग मागे राहून बोलायचं कुणाशी?" यावर मला विचारण्यासारखं काही सुचलं नाही. पुढच्या जनगणनांचे आकडे माझ्या वहीत असे आहेत. १९९२ला १,१९,४६२. २००२ला ५९,७६४. २०२१ला २२,९०७. आता बिएर्तानात सॅक्सन बोटांवर मोजण्याइतके.

संध्याकाळी टेकडीवरच्या सॅक्सन स्मशानात गेलो. दगडांवर आडनावं तीच तीच, साल मात्र ऐंशीच्या दशकापाशी येऊन थांबतं. गवत तरी कापलेलं होतं. कोण कापतं? जर्मनीत प्रत्येक सॅक्सन गावाचं मंडळ आहे. तिथून वर्गणी येते, इथे कबरी साफ होतात. आमच्या प्रत्येक वाडीचं 'ग्रामस्थ मंडळ, मुंबई' असतं, मंदिराचं छप्पर त्याच्या पैशातून होतं. उन्हाळ्यात ही मंडळी येतात, गाणी म्हणतात, जातात. त्यांना इथे 'झोमरझाक्सन' म्हणतात, उन्हाळी सॅक्सन. गणपतीला येणारे आमचे चाकरमानी डोळ्यांपुढे आले. तीच महागडी गाडी, तीच आईच्या घराच्या ओलीची तक्रार.

खाली उतरताना ओढ्याकाठच्या आळीत एका फाटकाशी तीन बायका बसल्या होत्या. लांब घेरदार परकर, वेणीत लाल फीत. रोमा. माझ्या साडीकडे बघून एकीने काही विचारलं. अमेय म्हणाला, "इंदिया." मग तिघी उठल्याच. एकीने माझं नाक धरल्यासारखं करून विचारलं, "नाख?" मी म्हटलं, "नाक." कान दाखवला. "कान." "कान." पाण्याची बाटली. "पानी." केस. "बाल." मग तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हटलं, "मानुश." माझ्या अंगावर काटा आला. हिंदीवाल्याला तो शब्द जरा पुस्तकी वाटला असता, मी तर रोज बोलते. माणूस.

मग आकडे. एख, दुय, त्रिन, श्टार, पांज, शोव. मी प्रत्येकाला मान डोलवत होते. पुढे एफ्ता, ओख्तो, एन्या आले आणि गाडी अडली. सात, आठ, नऊ हे आकडे त्यांनी वाटेत ग्रीकांकडून घेतले. दहाला पुन्हा घरी. देश. हजार वर्षांमागे उत्तर हिंदुस्थानातून निघालेल्या माणसांनी कोणता मुक्काम कुठे केला ते दहापर्यंत मोजताना कळतं. दहापर्यंत मोजायला मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं, पण असं कधी मोजलं नव्हतं.

रोमांबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. १९४२ मध्ये रोमेनियाचा युद्धकाळातला हुकूमशहा अँतोनेस्कू याच्या राजवटीने सुमारे २५,००० रोमांना नीस्टर नदीपलीकडे हाकललं. त्यांतले ११,०००च्या आसपास भुकेने, थंडीने, टायफसने मेले. सॅक्सनांच्या हद्दपारीची आठवण या प्रवासात मला अनेकांनी सांगितली, ही कुणीच आपणहून सांगितली नाही. दुसरी गोष्ट मोजणीची. २०२१च्या जनगणनेत रोमेनियात रोमा ५,६९,४७७. युरोपीय परिषदेचा अंदाज साडेअठरा लाख. मधले तेरा लाख कुठे गेले? कुठेच नाही. ते दारातच उभे आहेत. जात, वंश ज्याने त्याने स्वतः सांगायचा असतो, आणि जे सांगून शाळेत मागच्या बाकावर बसावं लागतं ते कोण सांगेल. मी फॉर्म भरायचे तेव्हा माझ्या पेनासमोरही माणसं अशीच क्षणभर गप्प व्हायची.

दिवस चौथा: कोप्शा मारे आणि रिकिश

सकाळी टेकडी ओलांडून कोप्शा मारे. चार-पाच किलोमीटर. मेंढपाळाच्या कुत्र्यांनी दोनदा अडवलं. अमेयने खाली वाकून दगड उचलल्याचं नाटक केलं की ती मागे सरत. हे ज्ञान सार्वत्रिक आहे.

थोरली कोप्शा म्हणजे दोन आळ्या आणि एक अवाढव्य चर्च. निम्म्याहून जास्त फाटकं बंद. काही घरं परदेशी लोकांनी घेऊन सुंदर दुरुस्त केलीत, चुना, जुनी कौलं, फळांची झाडं. मी कौतुक केलं खरं, पण त्यांच्याही खिडक्या मिटलेल्याच होत्या. जनगणनेत त्यालाही 'कुलूपबंद' असंच लिहावं लागतं.

रिकिशला दुधाच्या गाडीतून गेलो. चर्चच्या आत खांबांच्या माथ्यावर, दाराच्या कमानीवर दगडी चेहरे आहेत, तोंडातून पानं-वेली फुटणारे. पाद्र्यांनी बांधलेल्या देवळात हे रानातले देव कसे शिरले कोण जाणे. आपल्याकडच्या कीर्तिमुखाची आठवण होते, पण कीर्तिमुख रागावलेलं असतं, हे विचारात पडलेले दिसतात. किल्ली ज्यांच्याकडे होती ते म्हातारे गृहस्थ गावातल्या शेवटच्या सॅक्सनांपैकी. त्यांनी चर्चचं एकेक पान दाखवलं, अर्धा तास, जर्मनमिश्रित रोमेनियनमध्ये. रविवारी प्रार्थना होते का, विचारलं. पाद्री फिरतीवर असतो, म्हणाले, त्याची पाळी येईल तेव्हा. माणसं किती जमतात? त्यांनी उत्तर न देता बाकांकडे हात केला. बाक शे-दोनशे माणसांचे.

अशी तटबंदीची चर्चं दीडशेच्या आसपास उभी आहेत. बिएर्तान १९९३ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं, १९९९ मध्ये आणखी सहा गावं जोडली गेली. उरलेल्यांना वाली नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये राडेश आणि रोटबाव इथल्या चर्चचे बुरूज एका आठवड्यात कोसळले. तोफांनी नव्हे. ओलीने.

रात्री मालकिणीने कोबीच्या पानात भात गुंडाळून केलेले सारमाले वाढले, माझ्यासाठी दे पोस्त. शेजारी मक्याच्या पिठाची घट्ट उकड, मामालिगा. मी उकड म्हटल्यावर अमेयने डोळे मिटले. पोराने चार वर्षांत उकड खाल्ली नव्हती. पण मामालिगाला मिरचीचा ठेचा नाही, आणि ठेच्याशिवाय उकड म्हणजे आजाऱ्याचं जेवण.

जेवताना मालकिणीच्या मुलांचा विषय निघाला. मुलगी श्टुटगार्टला, म्हाताऱ्यांची देखभाल करते. मुलगा आधी इटलीत, आता न्युर्नबर्गला. "यांच्या घराच्या जुन्या मालकांजवळ?" अमेयने थट्टेने विचारलं. ती गंभीरपणे म्हणाली, "वीस किलोमीटर. नाताळला भेटतात." १९९२ला रोमेनियाची लोकसंख्या दोन कोटी अठ्ठावीस लाख होती, २०२१च्या जनगणनेत एक कोटी नव्वद लाख. सॅक्सन ज्या वाटेने गेले त्याच वाटेने त्यांच्या घरात राहायला आलेल्यांची पोरं गेली. घराच्या भिंतीवरचं जुनं नाव तिने का पुसलं नाही, ते मी विचारणार होते. मग नाही विचारलं.

दिवस पाचवा: परत सिबिउ

निघताना मालकिणीने पाहुण्यांची वही पुढे केली. नाव, देश, कुठून आलात, किती रात्री. मी इतकं नीट भरलं की ती हसली. रकाने दिसले की माझा हात आपोआप सुधारतो.

सिबिउला अमेयच्या इमारतीखाली जेवणाचे डबे पोचवणारा एक मुलगा सायकल लावत होता. अमेयने त्याला हिंदीत हाक मारली. पोखऱ्याचा, नेपाळी. दोन वर्षांपासून इथे. रोमेनियाने २०२२ ते २०२५ दर वर्षी एक लाख परदेशी कामगारांना परवाने द्यायची तयारी ठेवली होती. बांधकामावर, हॉटेलांत, बेकऱ्यांत नेपाळी, श्रीलंकन, आपले लोक. "पुढच्या जनगणनेत आम्ही पण," अमेय म्हणाला. "मागची हुकली. त्यांनी २०२१ची २०२२ मध्ये केली, तेव्हा माझी इथे यायची तयारीच चालू होती."

रात्री ताईचा व्हिडिओ कॉल आला. राजापूरला पाऊस लांबला होता, भात आडवा झाला होता. आपल्याकडची रखडलेली जनगणना आता २०२७ मध्ये होणार, शाळेतल्या तरुण शिक्षिकांना त्याच्या सूचना येतायत, असं ती सांगत होती.

"दारात कुणी आलं तर घरात किती सांगशील?" मी विचारलं.

"का? चार. मी, तुझे भावजी, अमेय, सूनबाई."

"ताई, अमेय तिथे राहतो का?"

"मग कुठे राहतो?" ती म्हणाली, आणि कॅमेरा फिरवून मला त्याची खोली दाखवली. पलंगावर चादर घातलेली होती.